तीन सुपरवायझर आणि लॉगवरची एक सही

प्रश्न :

ताई, नमस्कार. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहते. डिसेंबरमध्ये काउन्सेलिंगचं मास्टर्स संपलं, एनसीई ही लायसन्सची परीक्षा पहिल्याच फेरीत निघाली, आणि आता एलपीसी असोसिएटचा, म्हणजे पूर्ण लायसन्सआधी सुपरवायझरच्या देखरेखीखाली समुपदेशन करायच्या परवान्याचा, अर्ज अर्धा भरून पडलाय. सुपरवायझरच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं तेच ठरत नाही. माझ्यापुढे तीन नावं आहेत.

पहिली माझी होणारी बॉस. ज्या एजन्सीत नोकरी लागलीय तिथली क्लिनिकल डायरेक्टर. सुपरव्हिजन फुकट. मुलाखतीत म्हणाली, "तू इतकी तयारीची आहेस, तुला माझी फारशी गरजच लागणार नाही." मी सध्या ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काम करायची मुदत) आहे, पुढे एच-वन व्हिसाचं बघू असंही तीच म्हणाली.

दुसऱ्या आमच्या मंडळातल्या काकू. वीस वर्षांचं लायसन्स, मराठी, आईला ओळखतात. म्हणाल्या, "तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे? रविवारी घरी ये, चहा घेत बोलू."

तिसऱ्या साठीच्या एक परक्या बाई. वैयक्तिक तासाला ११० डॉलर, ग्रुपला ५०. दर महिन्याला किमान एका सेशनचं रेकॉर्डिंग हवं म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "इंटर्नशिपमधलं असं कुठलं सेशन आहे, जे तू तुझ्या प्रोफेसरांना दाखवलं नाहीस?" मला ते जरा आगाऊच वाटलं. रूममेट म्हणते, पैसे मोजून अपमान कशाला विकत घेतेस. तुम्ही काय सांगाल?

उत्तर :

तुला अहो-जाहो करत नाही, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

पत्रात तू तिघींचं सगळं लिहिलंस. एक गोष्ट तेवढी लिहिली नाहीस. त्या परक्या बाईंनी विचारलं तेव्हा तुला कुठलं तरी एक सेशन आठवलं असणार. आठवलं नसतं तर राग आला नसता, नुसतं हसून 'असं काही नाही' म्हणून मोकळी झाली असतीस. ते सेशन काय होतं ते मला कळवू नकोस. पण या तिघींपैकी कुणासमोर ते ठेवता येईल, एवढा विचार कर आणि मग पुढचं वाच.

आधी हिशेब, कारण पैशांचा प्रश्न खोटा नाही. टेक्ससमध्ये पूर्ण लायसन्ससाठी सुपरव्हिजनखाली कामाचे ३,००० तास भरावे लागतात, त्यातले निदान १,५०० क्लायंटसमोर बसून. १८ महिन्यांच्या आत ते पूर्ण झालेले धरत नाहीत. सुपरव्हिजन महिन्याला किमान चार तास, आणि त्यातलं निम्म्यापेक्षा जास्त ग्रुपमध्ये चालत नाही. म्हणजे त्या बाईंकडे दोन तास वैयक्तिक आणि दोन ग्रुप घेतलेस तर महिन्याला ३२० डॉलर. १८ महिन्यांचे ५,७६०. पण १८ महिन्यांत संपवायचं तर आठवड्याला जवळजवळ ३९ तास, एकही सुट्टी न घेता. कुणाचं तसं होत नाही. क्लायंट येत नाहीत, आणि न आलेल्या क्लायंटचा तास १,५०० मध्ये धरता येत नाही. तेव्हा दोन वर्षं धर, ७,६८० डॉलर. नवीन असोसिएटच्या पगारात ही रक्कम टोचणारी आहे, मला माहीत आहे. मीही दिलेत.

आता 'फुकट'चं बघू. टेक्ससच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की असोसिएटच्या समुपदेशनाची पूर्ण व्यावसायिक जबाबदारी सुपरवायझरची असते. तुझ्या कार्डावर, जाहिरातीत तुझ्या नावासोबत 'सुपरवाइज्ड बाय' लिहून तिचं नाव छापावं लागतं. तू चुकलीस तर लायसन्स देणारं बोर्ड तिलाही विचारतं. जिला हे नीट समजलंय ती 'तुला माझी गरज लागणार नाही' असं म्हणणार नाही. हे वाक्य कौतुकाचं आहे असं तुला वाटलं. मला ते असं ऐकू आलं की तिच्याकडे वेळ नाही.

असं कौतुक मीही ऐकलंय, म्हणून सांगते.

२००६ मध्ये मी एका एजन्सीत लागले. तेव्हा टेक्ससमध्ये आम्हाला 'इंटर्न' म्हणत, 'असोसिएट' हे नाव अलीकडचं. माझी पहिली सुपरवायझर तिथलीच, अतिशय प्रेमळ बाई. दर शुक्रवारी तास ठरलेला असायचा आणि दर शुक्रवारी काहीतरी निघायचं. शेवटी पार्किंगमध्ये, तिच्या गाडीच्या बॉनेटवर लॉगचा, म्हणजे तासांच्या नोंदीचा, कागद ठेवून ती सही करायची. "कशी चाललीयेत सेशन्स?" "छान." "आय नो. यू आर अ नॅचरल." झालं सुपरव्हिजन. मी खूश होते. आठ महिने खूश होते.

मग ती नोकरी सोडून गेली आणि मला बाहेरची सुपरवायझर शोधावी लागली. ही फी घेणारी, मोजकं बोलणारी, पिवळ्या वहीत पेन्सिलीने लिहिणारी. तिने रेकॉर्डिंग मागितलं. मी माझं सगळ्यात चांगलं सेशन निवडून नेलं, अर्थातच. तिने ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "हे छान आहे. पुढच्या वेळी जे आणावंसं वाटत नाही ते आण."

ते मी आणलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतेय, पण मुद्दा तोच. पन्नाशीचे गृहस्थ, बायको जाऊन चार महिने झालेले. तेविसाव्या मिनिटाला ते म्हणतात, "आता संध्याकाळी गॅरेजचं दार वाजत नाही." आणि टेपवर माझा आवाज, अगदी उत्साही : "झोप कशी आहे तुमची?"

तिने टेप थांबवली. "या क्षणी तू काय ऐकलंस?" मी म्हटलं, त्यांना झोप येत नसेल असं वाटलं. तिने मागे घेऊन पुन्हा लावलं. दार. झोप. मध्ये दोन सेकंदसुद्धा नाहीत. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मला रडू फुटलं. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नव्हतं. माझ्याकडेही एक न वाजणारं दार होतं, आणि क्लायंट त्याच्या जवळपास पोचला की मी त्याला हाताला धरून दुसरीकडे नेत होते. नुसतं या सेशनमध्ये नाही, आठ महिने. माझ्या नोट्समध्ये त्या दिवशी लिहिलेलं होतं : सहानुभूतीपूर्वक आधार दिला, झोपेचं मूल्यमापन केलं. वाचणाऱ्याला काय कळणार!

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे मोठं आहे. त्यासाठी तुला स्वतःची थेरपिस्ट लागेल, ती मी नव्हे. आता मला सांग, पुढच्या मंगळवारी त्यांनी परत दाराचं काढलं तर तू काय करशील?"

पुढच्या मंगळवारी त्यांनी दाराचं काढलंच नाही. विम्याच्या फॉर्मविषयी बोलत बसले. तीन आठवड्यांनी एकदा ते दार परत आलं. तेव्हा मी तोंड मिटून बसले होते.

टेप थांबवून 'इथे काय चाललं होतं' असं विचारण्याची ही रीत नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात बसवली. आणि जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलं की सुपरवायझर तीन भूमिकांत फिरतो : शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. माझ्या त्या बाईने दहा मिनिटांत तिन्ही टोप्या घातल्या आणि समुपदेशकाची वेळेवर काढूनही ठेवली, कारण सुपरवायझरने स्वतःच्याच असोसिएटची थेरपी करायची नसते. कॉलेजात हे सगळं तू वाचलंयस. समोर घडताना ते वेगळंच दिसतं.

माझ्या पहिल्या सुपरवायझर बाईंचा मला राग नाही. पण त्यांच्यापर्यंत माझं काम पोचलंच नव्हतं. त्यांना मी सांगेन तेवढंच कळत होतं, आणि सांगणारी मी. आपला तो बाब्या!

आता तुझ्या तिघी.

बॉसचं सगळ्यात गंभीर आहे. ओपीटी १२ महिन्यांची, आणि आपल्या या पदवीला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी) वाढीव मुदत सहसा मिळत नाही. तास भरायला १८ महिने तरी लागणार. म्हणजे मधेच कुठेतरी तुला एच-वन किंवा दुसरं काहीतरी लागेल. बॉसलाच सुपरवायझर केलंस तर तुझा पगार, तुझा व्हिसा आणि तुझ्या लॉगवरची सही हे तिन्ही दोर एकाच हातात जातील. एखाद्या क्लायंटसमोर तू चुकलीस, आणि ज्या बाईला ते सांगायचं ती उद्या तुझी एच-वनची पिटिशन भरायची की नाही ते ठरवणार आहे. सांगशील? मी तरी सांगितलं नसतं. त्यातून एजन्सीतला सुपरव्हिजनचा तास बघता बघता स्टाफ मीटिंग होतो : किती क्लायंट पाहिले, नोट्स का राहिल्या, मेडिकेडचं (सरकारी आरोग्यविम्याचं) बिल का परत आलं. हे सगळं करायलाच हवं, पण त्याला क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणत नाहीत.

सगळ्याच एजन्सी-सुपरवायझर अशा नसतात. मी स्वतः सात वर्षं एका ठिकाणी दोन्ही खुर्च्यांवर बसलेय. पण माझ्या असोसिएट मला काय काय सांगत नसतील, याची मला तेव्हाही धास्ती होती.

काकूंविषयी लिहिताना हात जरा जड होतोय, कारण मीही कुणाची तरी मंडळातली काकू आहे. नियम काय म्हणतो? टेक्ससमध्ये जवळच्या नातेवाइकाला सुपरवाइज करता येत नाही. काकू नात्याने काकू नाहीत, म्हणजे नियमात बसतात. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची २०१४ ची आचारसंहिता मात्र ज्यांच्याबाबत तटस्थ राहता येत नाही अशा कुणालाही, मित्रमैत्रिणींनाही, सुपरवाइज करू नका म्हणते. आणि नियम सोड, गणपतीतला प्रसंग डोळ्यांपुढे आण. तू काकूंना रविवारी सांगितलंस की एका क्लायंटची चीड आली म्हणून तू सेशन दहा मिनिटं आधी संपवलंस. शनिवारी आरतीनंतर प्रसाद घेताना त्या आणि तुझी आई शेजारी उभ्या. काकू काही बोलणार नाहीत, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण त्या नजरेने तुला पुढच्या रविवारी काय सांगावंसं वाटेल आणि काय नाही?

दुसरं एक आहे. ह्यूस्टनचा मराठी गोतावळा तू समजतेस त्याहून लहान आहे. उद्या तुझ्याकडे मराठी क्लायंट येईल, येणारच, भाषेसाठीच येईल. तो काकूंच्या ओळखीचा निघाला तर ती केस तू सुपरव्हिजनला नेणार कुठे?

आणि चहा. चहाला मी नाही म्हणत नाही. पण ज्या नात्यात फी नाही, वेळ नाही, कागद नाही, तिथे 'काकू, या महिन्यात आपले चारच्या जागी अडीच तास झाले' असं म्हणायची तुझी जीभ उचलणार नाही. आपल्याकडे गुरूला हिशेब विचारत नाहीत. इथे तो विचारावा लागतो, कारण भुर्दंड गुरूला नाही, तुला बसतो. काकूंकडे जरूर जा. कधी नोकरी बदलायची, इथल्या डॉक्टरांशी कसं बोलायचं, 'डिप्रेशन' हा शब्द एखाद्या आजोबांना मराठीत कसा समजवायचा, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. फक्त सही त्यांची नको.

राहिल्या तिसऱ्या. माझा कौल तिकडे आहे, पण त्या परक्या आहेत किंवा महाग आहेत म्हणून नव्हे. महाग आणि निरुपयोगी अशी जोडी मी भरपूर पाहिलीय. त्यांनी तुझं काम मागितलं, म्हणून. आणि पहिल्याच भेटीत तुझ्याशी तेच केलं जे पुढे दोन वर्षं करणार आहेत. तुला आगाऊपणा वाटला, ठीक आहे. आता परत एकदा भेट माग आणि या वेळी तू विचार.

काय विचारायचं? सिद्धान्त कुठला, अनुभव किती हे त्यांच्या पानावर असेल, त्यात वेळ घालवू नकोस. मी असते तर विचारलं असतं : तुमच्या असोसिएटशी तुमचा शेवटचा मतभेद कशावरून झाला? उत्तरात त्या स्वतः थोड्या तरी चुकलेल्या दिसतात का ते बघ. ज्यांच्या गोष्टीत चूक कायम असोसिएटचीच असते, त्यांच्यापासून लांब राहा. मग विचार की कुणी कमी पडत असेल तर तुम्ही काय करता. टेक्ससमध्ये अशा वेळी सुपरवायझरने सुधारणेचा लेखी आराखडा करून द्यायचा असतो. 'मी समजावून सांगते' हे अर्धवट उत्तर. 'कुणाची शिफारस करायला मी नकार दिलाय' असं कुणी शांतपणे सांगितलं तर घाबरू नकोस. तशी बाई तुझ्या लॉगवर सही करेल तेव्हा त्या सहीला वजन असेल.

एक प्रश्न मी सगळ्यांना विचारायला सांगते, कारण तो चाळणीसारखा काम करतो. क्लायंटने एखाद्या ठरावीक माणसाला मारायची धमकी दिली, तर टेक्ससमध्ये मी काय करायचं? बरेच जण झटकन म्हणतात, टॅरासॉफ, त्या माणसाला सावध करायचं. टॅरासॉफ हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निकाल. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये थापर विरुद्ध झेझुल्का खटल्यात तसं कर्तव्य लादायला नकार दिला. इथला कायदा पोलिसांना किंवा वैद्यकीय यंत्रणेला सांगण्याची परवानगी देतो. सक्ती करत नाही, आणि थेट त्या माणसाला फोन करायची मुभाही त्यात नाही. जी सुपरवायझर हे सांगून वर म्हणेल की 'आणि अशा वेळी आधी मला फोन कर, हा माझा नंबर, मी गावात नसेन तर हा दुसरा', ती घे. शनिवारी रात्री अकराला फोन कुणाला करायचा हे ठरलेलं नसेल तर बाकीची सगळी पात्रता तेव्हा काय कामाची?

कागदपत्रांचं थोडक्यात. त्यांच्या लायसन्सवर एलपीसी-एस (एस म्हणजे सुपरवायझर) आहे ना, ते चालू आहे ना, शिस्तभंगाची काही कारवाई झालीय का, हे टेक्सस बिहेव्हिअरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह काउन्सिलच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत दिसतं. एस मिळवायला पाच वर्षं लायसन्स आणि सुपरव्हिजनचं वेगळं प्रशिक्षण लागतं, तेव्हा नुसतं 'मी वीस वर्षं करतेय' पुरत नाही. काकूंचंही बघून घे, पत्रात तू एस लिहिलेलं नाहीस. लॉग दर महिन्याला सही करून घ्यायचा आणि प्रत स्वतःकडे ठेवायची. मध्येच वेगळं व्हायचं झालं तर तोवरच्या तासांवर किती दिवसांत सही मिळेल ते करारात लिहून घे. भांडण झाल्यावर ते कुणी लिहून देत नाही.

आणि बाहेरची सुपरवायझर घ्यायची तर सगळ्यात मोठी अडचण एजन्सीचीच येते. क्लायंटची माहिती, त्यातून रेकॉर्डिंग, बाहेरच्या माणसाला दाखवायला एजन्सीची लेखी परवानगी हवी आणि क्लायंटची संमतीही. नोकरीचं पत्र सही करण्याआधी हे विचार, नंतर नाही. बॉसला असं म्हण : "तुम्ही माझ्या बॉस राहा, मला त्याची गरज आहे. क्लिनिकल सुपरव्हिजन मी बाहेर घेतेय, त्यासाठी तुमची परवानगी हवी." समंजस बाई असेल तर तिला सुटल्यासारखंच वाटेल. तिने कानांवर हात ठेवले, तर टेक्ससमध्ये एका वेळी दोन सुपरवायझर ठेवता येतात : दोघींनाही नोंदव आणि कोणाकडे काय जाईल ते लिहून काढ. तेही नाही म्हणाली, तर मग तिलाच घे, पण महिन्यातला निदान एक तास क्लायंटच्या आकड्यांशिवाय, दार बंद करून आणि रेकॉर्डिंग लावून, असा माग. ती काय म्हणते त्यावरून पुढची दोन वर्षं कशी जाणार ते तुला समजेल.

प्रश्न :

मी सॅन होजेत एपीसीसी (कॅलिफोर्नियातली असोसिएट समुपदेशक) आहे. सुपरवायझरच्या खासगी प्रॅक्टिसमध्ये काम मिळतंय. ती म्हणते, टेन-नाइन्टी-नाइनवर (कंत्राटदार म्हणून) काम कर, टॅक्सचं तुझं तू बघ, हातात जास्त पैसे येतील. हरकत आहे का?

उत्तर :

मोठी हरकत आहे. कॅलिफोर्नियात असोसिएटने डब्ल्यू-टूवर (पगारी नोकर म्हणून) किंवा स्वयंसेवक म्हणूनच काम करायचं. कंत्राटदार म्हणून केलेले तास बोर्ड धरत नाही. हातात जास्त आलेले पैसे आणि रद्द झालेलं एक वर्ष, सौदा कसा वाटतो बघा. क्लायंटकडून थेट फी घेणंही चालत नाही, ती प्रॅक्टिसकडेच जायला हवी.

खरी चिंता मला वेगळीच वाटते. हा नियम तुमच्या बोर्डाच्या साध्या माहितीपत्रकात असतो. जिला तो माहीत नाही, किंवा माहीत असून मोडायला सांगते, तिला बाकीचं किती माहीत असेल? दर आठवड्याला एक तास वैयक्तिक किंवा तिघांतली (एक सुपरवायझर, दोन असोसिएट), नाहीतर दोन तास ग्रुप सुपरव्हिजन मिळाली तरच त्या आठवड्याचे तास धरतात. असे निदान १०४ आठवडे लागतात. ३,००० पैकी १,७५० थेट समुपदेशनाचे. सुपरव्हिजनचा करार सुरुवातीपासून ६० दिवसांत सही झालेला हवा. आणि सहा वर्षांपेक्षा जुने तास गळून पडतात. तिला यातले दोन-तीन आकडे सहज बोलता बोलता विचारा. अडखळली तर दुसरीकडे बघा.

प्रश्न :

नॉर्थ कॅरोलिनात असोसिएट म्हणून माझे १,९०० तास झालेत. मिस्टरांची बदली न्यूयॉर्कला झाली. काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट या राज्याराज्यांतल्या लायसन्सच्या करारामुळे मला तिथे काम सुरू ठेवता येईल असं मैत्रीण म्हणते. माझे सुपरवायझर बहात्तर वर्षांचे आहेत, फार चांगले आहेत. व्हिडिओवर त्यांच्याकडेच चालू ठेवलं तर?

उत्तर :

कॉम्पॅक्ट पूर्ण लायसन्स मिळालेल्यांसाठी आहे, असोसिएटसाठी नाही. मैत्रिणीचं लायसन्स झालं असेल, म्हणून तिला तसं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये तुम्हाला लिमिटेड परमिट काढावं लागेल, आणि ते ठरावीक सुपरवायझर आणि ठरावीक कामाची जागा यांच्या नावानेच मिळतं. म्हणजे सध्याचे सुपरवायझर व्हिडिओवरून तिथे उपयोगाचे नाहीत. नवीन शोधताना एक सोय आहे : न्यूयॉर्कमध्ये सुपरवायझर एलएमएचसीच (तिथला परवानाधारक समुपदेशक) असायला हवा असं नाही, सायकॉलॉजिस्ट किंवा एलसीएसडब्ल्यूही (क्लिनिकल सोशल वर्कर) चालतो. परमिट हातात येईपर्यंत एकही क्लायंट घेऊ नका.

आणि सामान बांधण्याआधी त्या १,९०० तासांची पडताळणी सुपरवायझरांकडून सही करून घ्या. किती थेट, किती अप्रत्यक्ष, सुपरव्हिजन वैयक्तिक किती, ग्रुप किती, तारखांसकट. माझ्याकडे आलेल्या एका असोसिएटचे आधीचे सुपरवायझर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले आणि त्यांचे रेकॉर्ड कुठल्या खोक्यात आहेत ते त्यांच्या मुलालाही सापडेना. तिचे अकरा महिने गेले. तुमचे बहात्तरचे आहेत, चांगले आहेत, मग ते आनंदानेच सही करतील. या आठवड्यातच भेट घ्या.